डावा लोअर आर्म बुश ७ महिन्यांत फाटला, उजवा मात्र ठणठणीत. असं का?

तेलकट_बाही

गाडी १६ वर्षं जुनी, छोटी हॅचबॅक, १ लाख ४० हजार किमी झालेली. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बर एकत्र), खाली चाकाला धरून ठेवणारा पत्र्याचा एल आकाराचा लोअर आर्म. प्रत्येक आर्मला दोन बुश, म्हणजे आत एक नळी, बाहेर एक नळी आणि मधे रबर. पुढचा आडवा, म्हणजे त्याचा बोल्ट गाडीच्या लांबीच्या दिशेने जातो. मागचा उभा, त्याचा बोल्ट खालून वर.

सात महिन्यांपूर्वी चारही बुश घरीच बदलले. तेव्हा ब्रेक मारला की पायाखाली टक् व्हायचं, रिव्हर्समधून पहिल्या गिअरला टाकून निघालं की पुन्हा टक्, आणि स्टिअरिंग जरा ढिलं धरलं की गाडी स्वतःच्या मनाने चालायची. आधी लिंक रॉडवर संशय घेऊन ते बदलून झाले होते. फरक शून्य. तो मूर्खपणा वेगळा.

जुने बुश काढताना जीव गेला. प्रेस नाही, म्हणून १२ मिमीची आटेवाली सळई, जाड वायसर, एका टोकाला बुशपेक्षा किंचित लहान सॉकेट आणि दुसऱ्या टोकाला रुंद पाइपचा तुकडा अशी जुळणी केली. पहिला बुश हललाच नाही, सळईचेच आटे गेले. शेवटी ड्रिलने रबर पोखरलं, आतली नळी उपसून काढली, हॅक्सॉचं पान सोडवून भोकातून ओवलं आणि बाहेरच्या नळीला आतून एक चीर पाडली. चीर पार झाली की नाही हे बघायला दर दहा-बारा घाशींनंतर टॉर्च मारायचो, कारण एक घास जास्त झाली तर आर्मवर ओरखडा. मग छिन्नीने नळी आत दुमडली आणि दोन ठोक्यांत बाहेर. नवे बुश रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवले, साबणाचं पाणी लावलं आणि नव्या सळईने आत ओढले. ग्रीस किंवा तेल कुठेही लावलेलं नाही, हे आधीच सांगतो.

आता मुख्य तक्रार. गेल्या आठवड्यापासून तीच टक् परत आली, फक्त डावीकडून. पहार घालून हलवलं तर पुढचा आडवा बुश फाटलेला दिसतोय. फोटो जोडलाय. त्याच आर्मचा मागचा उभा बुश चांगला आहे. उजवीकडचे दोन्ही नव्यासारखे.

यातली खरी गंमत अशी की डावी बाजू मी अतिशय व्यवस्थित केली होती. दुसऱ्या दिवशी, भरपूर उजेडात, चाक काढलेलं, गाडी स्टँडवर, आर्म मोकळा लोंबतोय, बोल्टपर्यंत हात सरळ जातोय. मॅन्युअलमधला आकडा टॉर्क रेंचवर लावून कट् वाजेपर्यंत आवळलं. उजवी बाजू पहिल्या दिवशी केली होती आणि तिचं काम अक्षरशः उरकलं होतं. अंधार पडला, चाक लावलं, गाडी खाली उतरवली, हत्यारं आवरली, आणि हात धुताना आठवलं की आर्मचे बोल्ट नुसते हाताने फिरवून सोडलेत. परत जॅक लावायचा कंटाळा आला. चाक पूर्ण वळवलं, कमानीतल्या प्लास्टिकला गाल टेकवून आत हात घातला आणि अंदाजाने पाना लावत लावत कसेबसे आवळले. त्या बाजूची मला सात महिने धाकधूक होती.

आणि फाटला तो डावा. एकाच डब्यातले दोन बुश होते. डावीकडचा नगच खराब निघाला असेल का? की वजनामुळे डावी बाजू आधी जाते?

घाईत_उत्तर

नग खराब. हल्ली रबरात दम नसतो. दुसरा टाका.

निवृत्त_फिटर

नग खराब नाही. फोटो मोठा करून बघा. रबराच्या चिरा सगळ्या एकाच दिशेने तिरक्या आहेत, पंख्याच्या पात्यांसारख्या. वयाने गेलेल्या रबरावर बारीक भेगांची जाळी दिसते, तेल लागलेलं रबर फुगतं आणि मऊ पडतं. तुमचं रबर पिळून फाटलंय.

तुम्ही दोन्ही बाजूंची हकीकत इतकी तपशीलवार लिहिली नसती तर मला कळलंही नसतं. उत्तर त्यातच आहे. ज्या बाजूची तुम्हाला लाज वाटते ती बरोबर झाली. जी व्यवस्थित केली ती चुकली.

बुश म्हणजे बेअरिंग आणि आतली नळी बोल्टवर फिरते, असं बऱ्याच जणांना वाटतं. रबरी बुशमध्ये तसं नसतं. बोल्ट आवळला की आतली नळी ब्रॅकेटच्या दोन कानांमध्ये चिमटली जाते आणि तिथेच जाम होते, ती जाम व्हावी हाच त्या टॉर्कचा हेतू. बाहेरची नळी आर्ममध्ये घट्ट बसलेली. मधलं रबर दोघींना चिकटवलेलं. म्हणजे आर्म वर-खाली होताना फिरत काहीच नाही, फक्त रबर पिळलं जातं आणि सुटतं. बोल्ट ज्या क्षणी आवळला त्या क्षणी आर्म जिथे होता, ती त्या रबराची शून्याची जागा. नंतर ती बदलत नाही.

हिशोब करून बघा. बुशपासून बॉल जॉइंटपर्यंत (आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा सांधा) आर्म ३५ सेंमी धरू. चाक हवेत असताना बॉल जॉइंटचं टोक ९ सेंमी खाली लोंबत असेल तर कोन होतो साधारण १५ अंश. त्या स्थितीत तुम्ही आवळलं. गाडी चाकांवर उतरली आणि रबर १५ अंश पिळलं गेलं. ते तसंच राहिलं, गाडी रात्री उभी असतानाही. गतिरोधकावर चाक अजून ६ सेंमी वर गेलं की आणखी १० अंश, म्हणजे एकूण २५. तुमच्या उजव्या बुशला त्याच धक्क्यात फक्त १० अंश. आतल्या नळीची त्रिज्या ११ मिमी असेल तर १५ अंशात रबराची आतली कड जवळजवळ ३ मिमी सरकते. जाडी जेमतेम सेंटिमीटरभर असलेल्या रबराला हे कायमचं ओढून ठेवणं झालं.

मागचा उभा का वाचला? आर्म वर-खाली होतो तेव्हा आडव्या बुशला पीळ बसतो, उभा बुश नुसता थोडा कलतो. त्याला आवळतानाच्या जागेचा फरक कमी पडतो. तरी तोही चाकांवर आवळावा, सवय म्हणून.

खात्री हवी असेल तर सुटं करायच्या आधी एक करा. गाडी सपाट जमिनीवर चारही चाकांवर उभी ठेवा. आतल्या नळीच्या उघड्या टोकापासून ब्रॅकेटवर जाईल अशी पांढऱ्या रंगाची सरळ रेघ ओढा. मग बोल्ट ढिला करा, काढू नका. रबरात पीळ असेल तर नळी फिरेल आणि रेघ तुटेल. उजवीकडेही करून बघा.

अख्खा_आर्म

फिटरसाहेबांचं निदान शंभर टक्के पटलं. पण माझं ऐकाल तर आता बुश ठोकत बसू नका. १६ वर्षांच्या गाडीचा पत्र्याचा आर्म आहे, बॉल जॉइंटही त्याच वयाचा असणार. बुश आणि बॉल जॉइंट बसवलेला तयार आर्म घ्या. चार बोल्टचं काम. हॅक्सॉ नाही, सळई नाही, बुश तिरका बसला का ही चिंता नाही. मी स्वतः एकदा बुश उलट्या दिशेने बसवून घेतलाय. त्याच्या रबरात मुद्दाम ठेवलेल्या दोन पोकळ्या असतात, त्या कुठल्या दिशेला हव्यात याची खूण जुना काढण्याआधी आर्मवर करायची असते. मी केली नव्हती. गाडी ब्रेकला अशी डुलायची की विचारू नका.

फक्त तयार आर्म घेतला म्हणजे ही आवळण्याची भानगड टळत नाही. तिथेही तेच रबर, तोच नियम.

रात्रपाळी

पॉलियुरेथेनचे टाकले तर? त्यात पीळ बसत नाही म्हणतात.

अख्खा_आर्म

बरोबर, त्यात आतली नळी फिरते, चिकटवलेली नसते. पण म्हणूनच तिला सिलिकॉन ग्रीस लागतं, आणि ते संपलं की प्रत्येक खड्ड्याला दार करकरल्यासारखा आवाज. शिवाय रस्त्याची थरथर स्टिअरिंगपर्यंत येते. रोजच्या जुन्या गाडीला मी नाही टाकणार.

तेलकट_बाही

फिटरकाका, हे वाचून मॅन्युअल परत उघडलं. मी फक्त शेवटचा टॉर्कचा तक्ता बघितला होता. त्या आकड्याशेजारी एक बारीक चांदणी आहे. पानाच्या तळाशी चांदणीचा अर्थ दिलाय: गाडी चाकांवर, रिकामी, सपाट जागी उभी असताना आवळावे. सात महिने ती चांदणी तिथेच होती.

एक अडचण. चाकांवर उभी असताना डावीकडच्या बोल्टला टॉर्क रेंच लागतच नाही, मागे सबफ्रेम (गाडीखालची लोखंडी चौकट) आडवी येते. उजवीकडे नशिबाने साधा पाना बसला. रेंचसाठी चाक काढावंच लागतंय. मग काय करायचं?

निवृत्त_फिटर

मग चाकावरचा भार जॅकने आणा. क्रम असा.

जॅक लावायच्याही आधी, गाडी चारही चाकांवर असताना, चाकाच्या मध्यापासून सरळ वर फेंडरच्या कडेपर्यंत मोजा आणि आकडा लिहून ठेवा. मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे. मग पुढच्या दोन्ही बाजू स्टँडवर घ्या, एकच नाही. काम झालं, बोल्ट हाताने फिरवून ठेवले, की दुसरा जॅक आर्मखाली बॉल जॉइंटच्या अगदी जवळ लावा आणि हळूहळू उचला, तुमचा लिहिलेला आकडा येईपर्यंत. तेव्हा आवळा.

मोजता मोजता स्टँडकडे लक्ष ठेवा. चाकावर पूर्ण भार येतो तेव्हाच त्या बाजूचा स्टँड जवळजवळ मोकळा होतो, म्हणून आकडा गाठताना गाडी जेमतेम सुटायला लागली तर ते अपेक्षित आहे. पण आकडा यायच्या बऱ्याच आधी सुटू लागली तर थांबा. दुसरी बाजू लोंबतेय आणि स्टॅबिलायझर बार (डाव्या-उजव्या बाजूंना लिंक रॉडने जोडणारी सळई) तिच्याशी जोडलेला आहे, तो बार तुमच्या विरुद्ध झटतोय. दोन्हीकडचे लिंक रॉड सोडवा, मग उचला. काढलेलं चाक कामभर सिलखाली (दाराखालच्या कडेखाली) आडवं सरकवून ठेवा.

नुसत्या जॅकवर गाडीखाली डोकं घालू नका, हे लिहायला नको, पण लिहितो.

आणि हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: यांच्या गाडीत स्प्रिंग स्ट्रटमध्ये बंद आहे, म्हणून लोअर आर्म सोडवला तरी काही उडत नाही. जिथे स्प्रिंग थेट खालच्या आर्मवर बसलेली असते किंवा टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारी सळई) असतो, तिथे आर्मच त्या स्प्रिंगला दाबून धरतो. तिथे वरची कृती वाचून बॉल जॉइंट सोडवलात तर जीव जाईल. ते काम वेगळं.

तेलकट_बाही

झालं. दोन सुट्ट्या गेल्या. जसं घडलं तसं लिहितो.

आधी रेघेची परीक्षा. आरसा आणि टॉर्च घेऊन, दात कोरायच्या काडीने पांढरा रंग लावला, कारण ब्रश आत जात नव्हता. डावा बोल्ट लांब हँडलच्या साध्या पान्याने अर्धा फेरा सोडला आणि आतून एक बुटका आवाज आला, खट् असा. आरशात पाहिलं तर रेघेचे दोन तुकडे. नळीवरचा तुकडा खाली सरकलेला, पट्टीने मोजला तर दीड ते दोन मिमी. काकांच्या हिशोबाने ३ यायला हवे होते, पण निम्मं रबर आधीच फाटलं होतं, तेव्हा पीळ तेवढाच उरला असावा. मग उजवीकडे गेलो. तिथे बोल्ट सोडला, आवाज नाही, रेघ अखंड. दोनदा घासून बघितली, वाटलं रंगच चिकटलाय. नव्हता. अंधारात, कंटाळून आवळलेला बोल्ट. मुकाट्याने परत आवळून ठेवला.

तयार आर्मचा सल्ला मानला, पण फक्त डावीकडे. बॉल जॉइंटचा आडवा बोल्ट पूर्ण काढावा लागतो, नुसता ढिला करून चालत नाही, कारण तो जॉइंटच्या दांड्याच्या खाचेतून जातो. खाच न बघता मी वीस मिनिटं हातोडी मारत होतो. दांडा सुटल्यावर चाकाचा हब बाहेर झुकायला लागला तेव्हा तो तारेने स्ट्रटला बांधला, नाहीतर ड्राइव्ह शाफ्टचा आतला सांधा ओढला गेला असता आणि ब्रेकच्या होजवरही ताण आला असता.

उंचीचं काकांनी सांगितलं तसंच घडलं. माझा आकडा ३६.५ सेंमी. जॅकने उचलत गेलो आणि ३९ लाच डावा स्टँड हलायला लागला. थांबलो, गाडी परत टेकवली, दोन्ही लिंक रॉड सोडवले. आता आर्म लोण्यासारखा वर आला आणि ३७ च्या जरा खाली स्टँडवरचं वजन उतरू लागलं. ३६.५ ला मुलगा पट्टी धरून "आलं, आलं" ओरडत होता. तिथे रेंच लावली. कट्.

बोल्ट-नट नवेच वापरले. जुन्या बोल्टच्या मधल्या भागावर गंजाची कडी बसली होती, बरोबर नळीच्या लांबीएवढी. नव्याच्या त्या भागावर पातळ अँटी-सीझ (गंजून जाम होऊ नये म्हणून लावायचा लेप) लावलं, आट्यांवर नाही. आटे वंगण लावून आवळले तर त्याच आकड्याला बोल्ट जास्त ताणला जातो, हे काकांच्याच एका जुन्या धाग्यात वाचलं होतं.

जुना आर्म बाकावर पडलाय. फाटलेल्या बुशमध्ये स्क्रूड्रायव्हर घालून नळी फिरवली तर एका बाजूला सहज जाते, दुसऱ्या बाजूला फिरवली की चिरा उघडतात आणि आतलं काळं, ताजं रबर दिसतं. वरून जुनाट, आतून अगदी कोरं.

टक् गेली. स्टिअरिंग मात्र सरळ रस्त्यावर किंचित उजवीकडे कललेलं राहतंय.

निवृत्त_फिटर

आर्म सोडवला की टो (चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन) बदलणारच. अलाइनमेंट करून घ्या, तोवर लांब जाऊ नका, टायरची कड खाईल. ३०० किमी झाले की सगळे बोल्ट एकदा तपासा. आणि त्या वेळी फिरवावा लागला तर?

तेलकट_बाही

चाकांवर उभी ठेवून. 🙏

रात्रपाळी

मागच्या ट्रेलिंग आर्मच्या बुशलाही हेच लागू का? मी गेल्या महिन्यात स्टँडवर आवळलेत.

निवृत्त_फिटर

रबर दोन्ही नळ्यांना चिकटवलेलं असेल तर हो. आजच ढिले करा, गाडी खाली उतरवा, परत आवळा. एका महिन्यात बहुतेक काही बिघडलं नसेल. रेघ ओढायला विसरू नका, मलाही बघायचंय किती सरकते.